जोसेफीन, मारी-लुईज की युजेनी? चित्रातली फ्रेंच सम्राज्ञी ओळखायची कशी

कोयरीकाठ (धागाकर्ता):

फ्रान्सला सम्राज्ञी झाल्या तीनच. नेपोलियनची पहिली बायको जोसेफीन (१८०४ ते १८०९), तिच्या जागी आलेली ऑस्ट्रियाची मारी-लुईज (१८१० ते १८१४) आणि तिसऱ्या नेपोलियनची बायको युजेनी (१८५३ ते १८७०). तरी नेटवर, पोस्टरांच्या दुकानांत आणि लिलावांच्या याद्यांत या तिघींची अशी सरमिसळ झाली आहे की 'जोसेफीन' म्हणून समोर येणाऱ्या चित्रात कधी तिची मुलगी ऑर्तांस असते, कधी मारी-लुईज, आणि कधी शंभर वर्षांनी कुणीतरी मनानेच रंगवलेली कुणी देखणी बाई. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा. दरबारी चित्रकार चेहरा गोड करणारच, त्याचेच त्याला पैसे मिळतात. कपड्यांत मात्र तो फार थापा मारत नाही, कारण शिंप्याचं बिल भरणारी मंडळी समोरच उभी असतात.

तेव्हा आधी कंबर. छातीच्या लगेच खाली फीत आणि तिथून सरळ खाली सुटलेला झगा दिसला तर काळ साधारण १८०० ते १८१५, म्हणजे जोसेफीन किंवा मारी-लुईज. कंबर जागच्या जागी, पुढे टोकदार आणि खाली घंटेसारखा घेर असला की युजेनी.

मग मूल. जोसेफीनला नेपोलियनपासून मूल झालं नाही, घटस्फोट झाला तो त्यामुळेच. सम्राज्ञीचा थाट आहे आणि मांडीवर बाळ आहे, तर ती २० मार्च १८११ला जन्मलेल्या 'रोमच्या राजा'सह (नेपोलियनच्या मुलाची ही पदवी) मारी-लुईज असते, नाहीतर १६ मार्च १८५६ला जन्मलेल्या युवराजासह युजेनी. उंच कंबर आहे, मूल आहे, पण राजचिन्ह एकही नाही, अशा चित्रात बहुतेकदा ऑर्तांस निघते.

मधमाश्यांवर विसंबू नका. लाल मखमलीवर सोनेरी मधमाश्या दिसल्या की लोक लगेच 'जोसेफीन' लिहून मोकळे होतात. मधमाशी हे बोनापार्ट घराण्याचं चिन्ह. तूर्ने इथे १६५३ साली शिल्डेरिक राजाची कबर सापडली, तीत सोन्याच्या मधमाश्या होत्या. बूर्बाँ या आधीच्या राजघराण्याच्या लिलीच्या फुलाला पर्याय म्हणून नेपोलियनने त्या उचलल्या. तिघींच्या झुलीवर, म्हणजे खांद्यावरून मागे लोळणाऱ्या राजवस्त्रावर, त्या असू शकतात.

—

भिंगवाला:

चांगला धागा. पहिल्या दोघींत फरक करायला कंबर उपयोगी नाही, तिथे चेहऱ्याकडे यावंच लागतं. जोसेफीनचे केस गडद तपकिरी, कपाळावर आणि कानांपुढे बारीक बटा, ओठ मिटलेले. तिचे दात खराब होते, त्यामुळे हसताना ती तोंड उघडत नसे. पण त्या काळी दात दाखवून कुणीच चित्राला बसत नव्हतं, तेव्हा एवढ्यावरून काही ठरवू नका. मारी-लुईज घारी-गोरी, गाल गुलाबी, निळे डोळे आणि हॅब्सबुर्ग घराण्याचा तो पुढे आलेला खालचा ओठ. वयही बघा. जोसेफीनचा जन्म १७६३चा, राज्याभिषेकाला ती ४१ वर्षांची होती, नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मारी-लुईज १८१०मध्ये लग्न होऊन आली तेव्हा अठरा वर्षांची. चित्रकाराने कितीही वर्षं पुसली तरी मान आणि हनुवटीखालचा भाग बरंच बोलतो.

—

शालजोडी:

कोयरीकाठ, नाव असं घेतलंत आणि शालीबद्दल अवाक्षर नाही! जोसेफीनच्या चित्रांची तारीख तर शालीवरच लिहिलेली असते.

काश्मिरी शाली फ्रान्सात फॅशन म्हणून रुजल्या त्या १७९८ ते १८०१च्या इजिप्तच्या मोहिमेमुळे. तिथल्या बाजारांतून अधिकाऱ्यांनी त्या घरी पाठवल्या. मराठी माणसाला ही शाल वाचणं सोपं आहे, शब्द आपल्या घरातलेच आहेत: मधलं अंग, लांबीच्या दोन बाजूंना बारीक काठ, दोन टोकांना पदर आणि पदरावर कोयऱ्या. १८००च्या आसपासच्या शालीत अंग कोरं, पांढरं, लाल किंवा पिवळं, आणि पदरावर उभ्या कोयऱ्यांची एकच रांग. ती कोयरीही अजून पुरती कोयरी झालेली नसते. भिंगातून पाहिलं तर ते एक फुलझाड असतं, शेंडा एका अंगाला कललेला. पुढच्या पंधरावीस वर्षांत झाडाच्या आतली मोकळी जागा भरत जाते, बाहेरची रेघ घट्ट होते आणि आपल्याला माहीत असलेली कोयरी तयार होते. १८५०च्या पुढे ती लांबलचक होऊन सगळं अंग व्यापते. म्हणून 'जोसेफीन' लिहिलेल्या चित्रात अंगभर लांब कोयऱ्यांची शाल दिसली तर चित्र नंतरच्या माणसाने रंगवलेलं आहे. आपल्या काळातली शाल त्याने तिच्या खांद्यावर टाकली.

बघायचंच असेल तर चित्रकार ग्रोने १८०८-०९च्या सुमारास केलेलं चित्र बघा, ते नीसच्या मासेना संग्रहालयात आहे. तिथे शाल फक्त खांद्यावर नाही, झगाच काश्मिरी शालीचा शिवलाय. पांढरं अंग वर चढलंय आणि पदर थेट पायाशी उतरलाय, कोयऱ्या घेराच्या कडेला ओळीने उभ्या. वर लाल शाल वेगळी. महिनोन् महिने मागावर बसून विणलेल्या शालीला कात्री लावणाऱ्यांना शालजोडीतले द्यायला हवे होते, पण पॅरिसात तो मोठेपणा समजला गेला.

—

मागावर:

शालजोडी यांना पुस्ती. त्या काळच्या अस्सल काश्मिरी शालीचं विणकाम 'कानी' पद्धतीचं. बाण्याचा एकच धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाला आपली वेगळी छोटी लाकडी काडी असते आणि तो रंग आपल्या जागेपुरताच जाऊन परत फिरतो. तत्त्व पैठणीच्या पदराचंच. फरक एवढाच की पैठणीची वीण साधी, तर कानीची तिरकी, ट्विलची. आणि दोन रंग जिथे एकमेकांत अडकतात तिथे कानी शालीच्या उलट्या बाजूला बारीक उंचवटा येतो. युरोपात यंत्रमागावर काढलेल्या नकली शालींत धागा सगळ्या रुंदीभर जातो आणि मागचे लोंबते धागे कापून टाकलेले असतात. चित्रात उलटी बाजू क्वचित दिसते, पण संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात शाल दुमडून ठेवलेली असली की ही खूण लगेच सापडते.

आणि झग्याच्या कापडाकडे लक्ष ठेवा. १८००च्या आसपासच्या चित्रांत ते पांढरं, अंगाला चिकटणारं कापड म्हणजे मलमल, त्यातली उत्तम ढाक्याची. सम्राट झाल्यावर नेपोलियनने दरबारात लियोंच्या रेशमाचा आग्रह धरला, कारण भारतीय मलमल इंग्रजांच्या व्यापारातून यायची आणि लियोंचे माग बसले होते. म्हणून १८०४नंतरच्या अधिकृत चित्रांत साटीन, मखमल आणि जरीचा कशिदा. मलमल मऊ पडते, तिच्या चुण्या बारीक आणि गोल. साटीनची घडी मोडल्यासारखी, कोपऱ्याकोपऱ्यांची, आणि घडीच्या शिरेवर पांढरी चमक. फोटोतही हा फरक कळतो.

—

कोयरीकाठ:

मान्य, शाल माझ्याकडून राहिली ती राहिलीच. नकलेची एक खूण तिच्यातूनच निघते. घडीत शिरताना कोयरी कापली जाते, अर्धी दिसते, कधी नुसता शेंडा. समोर खरी शाल ठेवून काढणारा ती तशीच अर्धी सोडतो. नक्कल करणारा मात्र प्रत्येक कोयरी पुरी करतो, घडीवर स्टिकर चिकटवल्यासारखी.

—

दरबारी:

चित्रकार दाविदच्या 'राज्याभिषेका'बद्दल कुणी बोलेल म्हणून वाट पाहत होतो. जोसेफीनची सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा तीच, आणि तिच्यावर पुरावा म्हणून सर्वांत कमी भरवसा ठेवावा तोही तिथेच.

६.२१ मीटर उंच, ९.७९ मीटर रुंद. समारंभ २ डिसेंबर १८०४चा, चित्र पुरं झालं १८०७ अखेर, लोकांनी पाहिलं १८०८मध्ये. दाविदने आधी नेपोलियन स्वतःच्या डोक्यावर स्वतःच मुकुट ठेवतोय असं योजलं होतं. त्याची रेखाटनं आहेत. मग बेत बदलला आणि सम्राट बायकोच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय असं झालं. त्यामुळे मधली जागा गुडघे टेकून बसलेल्या जोसेफीनकडे आली. पोपचे हात आधी मांडीवर होते, नेपोलियनच्या सांगण्यावरून उजवा हात आशीर्वादाला उचलला गेला. मधल्या सज्जात ठळक दिसते ती नेपोलियनची आई लेतिझिया, आणि ती समारंभाला आलीच नव्हती.

आता झूल बघा. लाल मखमल, आत काळ्या टिपक्यांची पांढरी फर, वर मधमाश्या. ती मागून दोन बायका उचलून धरतात, मादाम द ला रोशफूको आणि मादाम द लाव्हालेत. प्रत्यक्षात हे काम नेपोलियनच्या बहिणींकडे होतं, आणि त्यावरून घरात बरंच वाजलं होतं. चित्रात बहिणी डावीकडे निवांत उभ्या आहेत, शेजारी थोरल्या मुलाचा हात धरून ऑर्तांस. जाऊबाई-नणंदांचं राजकारण असं रंगाखाली झाकलेलं.

नकलेचा सापळा इथेही आहे. दाविदने स्वतःच दुसरी प्रत केली, १८०८ला सुरू करून १८२२ला ब्रसेल्सच्या हद्दपारीत संपवली. ती व्हर्सायला आहे. ओळखायची सोपी खूण: डावीकडच्या बहिणींपैकी एकीचा झगा गुलाबी असला तर ते व्हर्सायचं, सगळ्या पांढऱ्यात असतील तर पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातलं. नेटवर दोन्ही एकाच नावाखाली फिरतात.

—

तैलरंग:

जोसेफीनला सर्वांत जवळून बघायचं असेल तर प्रूदाँचं चित्र. लुव्रमध्ये आहे, २४४ गुणिले १७९ सेंटिमीटर, १८०५मध्ये घेतलेलं काम. माल्मेझाँच्या, म्हणजे तिच्या पॅरिसजवळच्या घराच्या, बागेत दगडी बाकावर बसलीय, खाली लाल शाल पसरलेली, अंगावर पांढरा झगा, मागे झाडांचा जवळजवळ काळा पडदा. नजर आपल्याकडे नाही. बघणारे लगेच म्हणतात, 'घटस्फोटाचं दुःख'. अहो, घटस्फोट डिसेंबर १८०९चा! बाई नुकती सम्राज्ञी झालेली आहे. बागेत एकटी बसलेली विचारमग्न स्त्री हा त्या काळच्या चित्रांतला ठरलेला थाट होता.

तो काळा पडदा मात्र समजून घेण्यासारखा आहे. प्रूदाँ बिट्यूमेन, म्हणजे डांबरातून निघणारा तपकिरी रंग, सढळ हाताने वापरायचा. ताजा असताना तो मधासारखा पारदर्शक आणि ऊबदार दिसतो, सावल्यांना खोली देतो, म्हणून त्या पिढीतले बरेच चित्रकार त्याच्या नादी लागले. पण तो तेलात कधीच पुरा वाळत नाही. वरचा थर वाळून आवळतो, खालचा मऊच राहतो, मग वरचा थर फाटतो आणि मगरीच्या पाठीसारखे रुंद तडे पडतात. वर काळपटपणा वाढतो तो वेगळाच. म्हणून प्रूदाँच्या चित्रांत आज अंग उजळ आणि भोवताल विझलेला, असा फरक मूळ बेतापेक्षा जास्त ठळक दिसतो. अंग टिकलं कारण तिथे त्याने आधी करडं-निळसर एकरंगी चित्र बांधून त्यावर शिसे-पांढऱ्याचे थर चढवले आणि ते नीट वाळतात.

नक्कल करून शिकणाऱ्यांसाठी: बिट्यूमेन आणू नका. जळका अंबर (बर्न्ट अंबर, गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन निळा मिसळून त्याचा पातळ थर वाळलेल्या करड्या थरावर द्या. आधीचा थर हाताला कोरडा लागला म्हणून घाई करू नका. तेलाचा पातळ थरही आतून वाळायला आठवडे घेतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात जास्तच. खाली कमी तेल आणि वर जास्त तेल, हा क्रम उलटला की तुमच्याही चित्राला तडे जाणार. बिट्यूमेन नसला तरी.

—

शालजोडी:

प्रूदाँची लाल शाल आणि जेरारची शाल शेजारी ठेवून बघा. जेरारने जोसेफीन दोनदा गाजवली. पहिली १८०१ची, माल्मेझाँच्या ओसरीवर सोफ्यावर टेकून बसलेली, शेजारी फुलं. ती अजून सम्राज्ञी नाही, पहिल्या कॉन्सलची (सम्राट होण्याआधीचं नेपोलियनचं पद) बायको आहे, म्हणून अंगावर राजचिन्ह एकही नाही. दुसरी राज्याभिषेकाच्या पोशाखातली, सिंहासनावर बसलेली, ती फाँतेनब्लोला. पहिलीवर 'सम्राज्ञी' असं लिहिलेलं दिसलं की लिहिणाऱ्याने तारीख पाहिलेली नाही असं समजा.

दरबारी यांच्यासाठी अजून एक नाव: लेतियेर. व्हर्सायला त्याने केलेली १८०७ची राज्याभिषेकी पोशाखातली जोसेफीन आहे. तो ग्वादेलूपचा, आई गुलामगिरीतली. जोसेफीन मार्टिनिकची, तिच्या वडिलांच्या उसाच्या मळ्यावर गुलाम राबत. कॅरिबियन बेटांवरची दोन टोकं एका कॅनव्हासवर आली, याकडे बराच काळ कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

—

दरबारी:

मार्टिनिकवरूनच पुढे. तिचा सर्वांत वादग्रस्त पुतळा तिथलाच. फोर-द-फ्रान्सच्या ला सावान चौकात व्हिताल द्युब्रेचा संगमरवरी पुतळा १८५९ला उभा राहिला. १९९१मध्ये त्याचं डोकं कुणीतरी उडवलं आणि ते परत बसवलंच नाही. मानेवर लाल रंग टाकलेला तो तसाच उभा होता. जुलै २०२०मध्ये आंदोलकांनी तो पाडला. पुतळा अखंड असलेले, डोकं नसलेले आणि पुतळाच नसलेले असे तिन्ही काळांतले फोटो नेटवर आहेत, फोटोची तारीख ठरवायला इतकी सोपी खूण दुसरी मिळणार नाही.

—

भिंगवाला:

आता घरी येणाऱ्या चित्रांकडे वळू, कारण लुव्रचं तैलचित्र कुणी विकत घेणार नाही. हातात येतो तो कागद.

दहा पट भिंग घ्या. चेहऱ्यावर धरा. एकसारख्या अंतरावरच्या, ओळीत बसलेल्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ते १८८०नंतरचं यांत्रिक छापील चित्र आहे, खाली कुठलंही साल लिहिलेलं असो. ठिपके आहेत पण लहानमोठे, गालाच्या गोलाईबरोबर वळणारे, तर ते हाताने टोचलेलं तांब्यावरचं खोदकाम. त्या काळी जोसेफीनची चित्रं अशीच घरोघर गेली. दाणेदार, खडूसारखा पोत असेल तर शिळाछाप, म्हणजे साधारण १८२०च्या पुढचं.

मग कागद तिरपा धरून उजेडात बघा. खोदकामाच्या पत्र्याचा दाब बसल्याने चित्राभोवती चौकोनी खोलगट कड उमटते. कड नसेल तर एकतर कागद आत कापलाय किंवा छपाई त्या प्रकारची नाही. खाली डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव आणि 'पिंक्सिट' (याने रंगवलं), उजव्या कोपऱ्यात खोदणाऱ्याचं नाव आणि 'स्कल्प्सिट' (याने खोदलं), असा रिवाज. लोक डावीकडचं 'जेरार' वाचून 'जेरारने काढलेलं मूळ चित्र' म्हणून खूश होतात. त्याने तांब्याला हातही लावलेला नसतो.

एक गंमत विसरू नका. खोदणारा चित्र जसंच्या तसं पत्र्यावर उतरवतो आणि छापताना ते उलटतं. म्हणून छापील जोसेफीन कधी कधी मूळच्या उलट दिशेला बघते. तेवढ्यावरून ते वेगळं चित्र ठरत नाही.

—

हस्तिदंती:

भिंगवाल्यांनी लघुचित्रं सोडली, म्हणून लिहितो. इझाबे हा त्यातला मोठा माणूस. राज्याभिषेकाचे पोशाख त्यानेच योजले होते आणि जोसेफीनची चित्रंही पुष्कळ केली. हस्तिदंताच्या एक मिलिमीटरहूनही पातळ चकतीवर पाण्याच्या रंगात काम. हस्तिदंत तेलकट, रंग धरत नाही, म्हणून आधी त्यातलं तेल काढायचं, मग प्युमिस दगडाच्या भुकटीने घासून पृष्ठभाग किंचित खरखरीत करायचा. रंग ओढायचा नाही, टोकाने ठिपका ठिपका ठेवायचा. ओला फटकारा दुसऱ्यांदा फिरला की खालचा रंग उठून येतो. चेहऱ्यामागे कधी चांदीचा वर्ख लावत, म्हणजे पातळ चकतीतून उजेड परत येतो आणि कातडी आतून उजळल्यासारखी दिसते.

बिघाडही ठरलेले. हवेत ओल वाढली की चकती वाकते, चिकटवलेली असेल तर उभी तडकते. गालांचा लाल रंग उजेडाने उडतो. म्हणून बऱ्याच लघुचित्रांतल्या जोसेफीन आज पंडुरोग झाल्यासारख्या दिसतात.

आणि नकला! विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास 'इझाबे' अशी सही ठोकलेली शोभेची लघुचित्रं ढिगाने झाली, चौकट पुष्कळदा पियानोच्या पट्ट्यांच्या हस्तिदंताची. खाली छापील चित्र आणि वर हाताने थोडा रंग, असंही असतं. भिंगाखाली तीच ठिपक्यांची जाळी. जोसेफीन हे त्यांचं आवडतं गिऱ्हाईक. सेल्युलॉइडची चकती घासली की कापराचा वास येतो. आणि भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे, 'जुनं आहे' म्हणून कुणी गळ घातली तरी हात मागे घ्या.

—

घेरदार:

सगळे जोसेफीनपाशीच अडकलेत. युजेनीबाईंकडे या जरा.

कोयरीकाठ म्हणतात, घेर पाहून युजेनी ओळखता येते, चूक होत नाही. होते ती अशी: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात विंटरहाल्टरचं १८५४चं चित्र आहे. युजेनी एका बाजूने, पिवळा झगा, निळ्या फिती, केसांना पांढरी पूड. कपडे मुद्दाम शंभर वर्षं जुन्या धर्तीचे. लोक ते मारी-आंत्वानेत म्हणून लावतात. युजेनीला त्या राणीचं वेडच होतं, १८६७ला व्हर्सायच्या प्ती त्रियानाँ या छोट्या वाड्यात तिच्या वस्तूंचं प्रदर्शनही तिने भरवलं होतं. इथे कोयरीकाठांचं 'कपडे खोटं बोलत नाहीत' मोडीत निघतं.

विंटरहाल्टरचं दुसरं, १८५५चं मोठं चित्र कोंपियेन्यच्या वाड्यात: युजेनी आणि तिच्या आठ सखी झाडाखाली बसलेल्या, ३ मीटर उंच, ४.२० मीटर रुंद. युजेनी पांढऱ्यात, जांभळ्या फितींची. तेव्हाच काहींनी नाकं मुरडली होती की हे कपड्यांच्या दुकानाचं चित्र झालं. त्याबद्दल दोन थापा कायम ऐकू येतात. एक, हे झगे पॅरिसचा नामांकित शिंपी वर्थ याने शिवले. वर्थने आपलं दुकान थाटलं १८५८ला आणि युजेनीकडे तो पोचला १८६०च्या सुमाराला. दोन, आत पोलादी सांगाडा आहे. पोलादी कड्यांच्या घेराचं पेटंट १८५६चं. १८५५च्या घेरात एकावर एक परकर आणि घोड्याच्या केसांचं ताठ कापड. चित्रात तो फरक दिसतो: परकरांचा घेर बसल्यावर मऊ पसरतो, पोलादी घेर एका बाजूला दाबला की दुसऱ्या बाजूला उचलला जातो.

ते पारदर्शक जाळीचं कापड कसं काढलंय हे नेहमी विचारतात. आधी खालचा रंग पुरा, जाळी नाहीच असं समजून. तो वाळला की जवळजवळ कोरड्या कुंचल्याने अतिशय थोडा पांढरा फिरवायचा; दोन थर एकावर आले तिथे थोडा जास्त; कड आणि घडीच्या शिरेवर मात्र जाड पांढरा. ओल्यावर केलं की खालचा रंग उचलला जातो आणि जाळीचं धुकं होतं.

अधिकृत राजचित्र १८५३चं. मूळ प्रत १८७१मध्ये त्वीलरी राजवाड्याच्या आगीत गेली. आज आपण बघतो त्या प्रती. सरकारी कचेऱ्यांत, वकिलातींत लावायला त्या मोठ्या संख्येने झाल्या होत्या, त्यामुळे कोणाकडेही 'मूळ युजेनी' असल्याचं कळलं तर आधी आगीची आठवण करून द्यावी.

(याच विंटरहाल्टरने १८५४ला व्हिक्टोरियासाठी महाराजा दुलीपसिंगांचं चित्र केलं, ते ऑस्बोर्न हाउसला असतं. हिऱ्या-मोत्यांचा आणि रेशमाचा तोच हात तिथेही दिसतो.)

—

कोयरीकाठ:

घेरदार, मोडीत निघालं हे कबूल. दुरुस्ती अशी: कपडे खरे असतात, ते कुठल्या काळाचे म्हणून घातलेत हे बघणाऱ्याने ठरवायचं. पूड आणि फिती जुन्या असल्या तरी ब्रश चालवणारा हात १८५४चा आहे; कातडीवरची ती गुळगुळीत, मऊ झिलई अठराव्या शतकातल्या चित्रकाराची नाही.

युजेनीचा मोत्यांचा मुकुट राजचित्रात आहे तो लेमोन्येने १८५३ला केलेला, २१२ मोत्यांचा. १८८७ला राजघराण्याचे दागिने विकले गेले, त्यांत तो युरोपातल्या दुसऱ्या घराण्यात गेला आणि १९९२ला लुव्रने परत मिळवला. १९ ऑक्टोबर २०२५ला लुव्रच्या अपोलो दालनातून चोरांनी जे आठ दागिने नेले त्यांत तोही गेला. युजेनीचा दुसरा, सोन्याच्या गरुडांचा मुकुट चोरांच्या हातून बाहेर पडला आणि वाकलेला सापडला. विंटरहाल्टरच्या चित्रांकडे आता दागिन्याची नोंद म्हणूनही लोक बघू लागलेत.

—

पायपीट:

बघायला जाणाऱ्यांसाठी. लुव्र, माल्मेझाँ, फाँतेनब्लो आणि कोंपियेन्य मंगळवारी बंद. व्हर्साय सोमवारी बंद. लुव्र आणि व्हर्साय एकाच दिवशी जमवायचा विचार करू नका. दाविदचं चित्र लुव्रच्या दनाँ विभागात, पहिल्या मजल्यावर. समोरच्या भिंतीला पाठ लावल्याशिवाय ते सगळं नजरेत येत नाही, आणि वरच्या वॉर्निशवर उजेड चमकतो तेव्हा दोन पावलं बाजूला सरका. फ्लॅश चालत नाही. फोटो काढायचा तर पूर्ण चित्राचा काढू नका, तो नेटवर चांगला मिळतो. झुलीच्या काठाचा, बहिणींच्या चेहऱ्यांचा, शालीच्या पदराचा काढा; घरी आल्यावर तेच कामाला येतात.

—

नवखा_वाचक:

सगळं वाचलं. आता हे सोडवा. लिलावाच्या यादीत एक छापील चित्र आहे, मथळा 'सम्राज्ञी जोसेफीन'. उंच कंबर, पांढरं साटीन, डोक्यावर मुकुट, हाताशी दोनेक वर्षांचं गोरं मूल. खाली डावीकडे जेरार. शाल नाही. पत्र्याची कड स्पष्ट उमटलेली.

—

भिंगवाला:

उंच कंबर, मुकुट आणि मूल. मथळा कुणी छापला ते बघा: अक्षरं चित्राच्या पत्र्याच्या कडेच्या आत आहेत की बाहेर? बाहेर असतील, किंवा शाईचा काळेपणा वेगळा असेल, तर नाव नंतर कुणीतरी चढवलंय.

—

नवखा_वाचक:

कडेच्या बाहेर. पेन्सिलीने.

—

भिंगवाला:

मग ती मारी-लुईज. जेरारने तिला मुलासह १८१३ला रंगवलं, मूळ व्हर्सायला आहे. मूल दोन वर्षांचं, हिशेब बरोबर जुळतो. विचारलेली किंमत जोसेफीनच्या नावाची असेल तर खालच्या ओठाचा मोठा करून काढलेला फोटो विक्रेत्याला पाठवा आणि पुन्हा विचारा.